घाण्यावरचा बार्लो

देऊळगाव राजाला बदली झाली तेव्हा मला खोली मिळाली ती तेलाच्या घाण्याच्या वर. खाली घाणा आणि दुकान, मधल्या मजल्यावर घरमालकांचं बिऱ्हाड, आणि वर गच्चीला लागून माझी खोली. पंचायत समितीत कारकुनी करणाऱ्या एकट्या बाईला याहून बरी जागा मिळायची नाही, असं ऑफिसात सगळे म्हणाले. करडईच्या तेलाचा वास केसांतून लवकर जात नाही हे कोणी सांगितलं नाही. घरमालक कसे आहेत हे तर मुद्दामच सांगितलं नसावं.

पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. दारात घरमालक उभे. पन्नाशी ओलांडलेले, अंगात तेलकट बंडी, चष्मा कपाळावर ढकललेला. अदबीनं म्हणाले, "मॅडम, तुमची चादर गुरूच्या आड येऊन राह्यली."

बाहेर येऊन बघते तर गच्चीच्या मधोमध तीन पायांवर एक लांब पांढरी नळी उभी आणि तिचं तोंड माझ्या वाळत घातलेल्या चादरीकडे. चादरीच्या मागे गुरू ग्रह असेल हे माझ्या गावीही नव्हतं. मी निमूटपणे चादर काढली. त्यांनी आभार मानले आणि दिवस मावळल्यावर या गच्चीवरची दोरी सोडून ठेवायची असते, असं सांगितलं. खोली ठरवताना ही अट कोणी काढली नव्हती. मी भांडायच्या बेतात होते, पण तोवर ते नळीला डोळा लावून बसलेही होते आणि मी तिथे आहे हे विसरलेही होते.

सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे, म्हणून मीही भाऊच म्हणू लागले. बुलढाण्याच्या कॉलेजात त्यांनी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलं होतं, मग वडिलांनी घाण्यावर बसवलं. घाणा त्यांनी मन लावून चालवला. पण दिवस मावळला की घाण्याची मोटर बंद म्हणजे बंद. गिऱ्हाईक दारात शेंगदाण्याचं पोतं घेऊन उभं असलं तरी बंद. कारण घाणा चालू असला की सगळी इमारत बारीक थरथरायची आणि वर दुर्बिणीत शनी नाचायचा. खालून गिऱ्हाइकं ओरडायची, वहिनी मधल्या मजल्यावरून त्यांना चहा पाठवून थोपवायच्या. असं हे तीन मजल्यांचं कामकाज होतं.

दुर्बीण तर सगळ्यांना दिसायची. पण भाऊंचा खरा जीव होता बार्लोत. बार्लो म्हणजे अंगठ्याएवढी काळी नळी, आत भिंग. दुर्बीण आणि डोळ्याला लावायचं भिंग यांच्यामध्ये ती बसवली की दिसतं ते दुपटीनं मोठं होतं. मोठं होतं तसं अंधूकही होतं, आणि दुर्बीण हलली तर ते हलणंही दुप्पट होतं. भाऊ हा बार्लो पांढऱ्या फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवत. त्या घरात तेलाचा डाग नसलेली ती एकच वस्तू असावी.

बार्लो मागून मिळत नसे, तो कमवावा लागे. गच्चीवर आलेल्या माणसाला भाऊ आधी नुसत्या दुर्बिणीतून दाखवायचे आणि विचारायचे, "काय दिसलं?" त्यावर माणूस "वा, फारच छान" असं म्हणाला की त्याचा कार्यक्रम संपला. त्याला खाली चहा प्यायला पाठवलं जाई. जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं तरच बंडीत हात जायचा. एका नगरसेवकानं शनी पाहून "अद्भुत, अद्भुत" म्हटलं आणि बिचारा दोन कप चहा पिऊन घरी गेला. माझी पाळी आली तेव्हा मी घाबरून खरं तेच बोलले. म्हटलं, एक पिवळा ठिपका आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी कान आहेत. भाऊंना इतका आनंद झाला की त्यांनी वहिनींना हाक मारून वर बोलावलं आणि मॅडमले कान दिसले म्हणून सांगितलं. मग बार्लो लागला. कान मोठे झाले, त्यांच्या आणि ठिपक्याच्या मधे काळी फट दिसली, आणि ते कान नसून कडं आहे हे मला कोणी न सांगता कळलं. त्या दिवसापासून मी दोरी स्वतःहून सोडू लागले.

"बार्लो नवं काही दाखवत नाही," ते म्हणायचे. "आहे तेच मोठं करते. आन् चूक असली तर चूकबी मोठी करते." हे त्यांनी दुर्बिणीपुरतं ठेवलं असतं तर गोष्ट वेगळी. पण शेजारपाजारची भांडणं दुकानात आली तरी भाऊंचं एकच वाक्य ठरलेलं होतं. समोरचा माणूस हातवारे करून सांगत असायचा की शेजाऱ्यानं त्याची भिंतच गिळली, आणि भाऊ तेल मोजता मोजता शांतपणे म्हणायचे, बार्लो काढून सांग. मग भिंतीची वीटभर जागा उरायची. एकदा मी ऑफिसातून तणतणत आले. साहेबांनी चारचौघांत माझा पार कचरा केला, उद्या बदलीचा अर्ज देते, असं वहिनींना सांगत होते. भाऊंनी पायरीवरूनच सांगितलं, "मॅडम, बार्लो काढून सांगा." मला असा राग आला. पण काढून पाहिला तर साहेब म्हणाले होते इतकंच, की फाइल कुठं आहे. ती माझ्याच टेबलावर होती.

या माणसाच्या पोटापाण्यात एक गंमत होती. त्यांचं दुकान सगळ्यांत जास्त चालायचं ते शनिवारी. शनीला तेल वाहायला म्हणून सकाळपासून रांग लागायची, छोट्या बाटल्या, वाट्या, कोणाच्या हातात नुसता पेला. म्हणजे हे घर चालायचं शनीच्या धाकावर, आणि संध्याकाळी घरमालक त्याच शनीला गच्चीवर उघडा पाडायचे. मी हे त्यांना एकदा बोलून दाखवलं तर ते दुखावले नाहीत. म्हणाले, तेल चांगलं असते, ते कुठंही वाहा. एक म्हातारे गृहस्थ तर तेल घेऊन थेट गच्चीवरच आले. नळीला डोळा लावून त्यांनी शनी पाहिला, पायातल्या वहाणा काढल्या, आणि आम्ही काही म्हणायच्या आत वाटीतलं सगळं तेल दुर्बिणीच्या स्टँडवर ओतलं. खुद्द देव दिसल्यावर देवळात कशाला जायचं, असा त्यांचा सरळ हिशोब होता. मला वाटलं आता भाऊंचा तोल जाणार. त्यांनी फडक्यानं स्टँड पुसला, हात लावून फिरवून पाहिला आणि म्हणाले की बरं झालं, कधीचा जाम झाला होता.

त्यांचं खरं भांडण घरातच होतं. धाकटी मुलगी. थोरल्याचं संभाजीनगरला नोकरीचं बस्तान बसलं होतं, घरी ही एकटीच. दुकानाचे हिशेब तीच बघायची आणि दुर्बिणीला छोटा कॅमेरा लावून ग्रहांचे फोटो काढायची. फोटोला बार्लो हवाच, कारण त्याशिवाय शनी पडद्यावर मुगाएवढाही होत नाही. ती दोन-तीन मिनिटांची चित्रफीत घ्यायची, मग लॅपटॉपवर त्यातली स्थिर चित्रं वेचून एकावर एक बसवायची आणि त्या थरथरत्या ठिपक्यातून स्वच्छ कडं बाहेर काढायची. भाऊंना हे पटत नसे. डोळ्यानं पाह्यलं ते पाहणं, फोटोत कोणीबी पाहते, हा त्यांचा मुद्दा. मुलीचा मुद्दा असा, की तुमचा डोळा आता म्हातारा झाला, माझा कॅमेरा नाही. रोज संध्याकाळी बार्लोवरून ओढाताण. ती बंडीच्या खिशाकडे हात पसरून उभी राहायची, ते खिशावर हात ठेवून आभाळाकडे बघायचे. शेवटी तिलाच मिळायचा. मला वाटतं, ते भांडण दोघांच्या दिवसातली सगळ्यांत गोड गोष्ट होती.

तिनं त्या फोटोंचा दुकानासाठी उपयोग केला. दर शनिवारी दुकानाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर शनीचा नवा फोटो आणि खाली ओळ: आजचं ताजं तेल, आजचा ताजा शनी. गावात याचं कौतुकच झालं. पण स्टेटस पाहणारा एक जण लोणारचा निघाला. कापडाच्या दुकानात बसणारा मुलगा, लांबच्या ओळखीतला. आधी आलेली स्थळं तिला स्वयंपाकाचं विचारून गेली होती. यानं फोनवर पहिला प्रश्न विचारला की कॅमेरा कोणता. एक-दोनदा तो मोटारसायकलनं येऊन गेला, भाऊंच्या परीक्षेत पासही झाला. मुलगी एरवी कोणाला पसंत करणारी नव्हती. हा तिला मनापासून आवडला होता, आणि तिनं ते माझ्याजवळ बोलूनही दाखवलं.

गाडी अडली ती मुलाच्या आईपाशी. मुलाच्या राशीला साडेसाती चालू होती, बाई त्याच्यासाठी कित्येक वर्षं शनिवार करत होती, आणि होणारी सून दर शनिवारी शनीकडे एकटक बघते, तेही मोठा करून. मध्यस्थाकडून निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण ही दुर्बीण सुटली पाहिजे. लग्नाआधीही आणि नंतरही. वहिनी म्हणाल्या, हो म्हणून टाक, पुढचं पुढे पाहू. मुलगी म्हणाली, सोडणार नसताना सोडते म्हणून कसं सांगू. हा हट्ट तिनं कोणाकडून उचलला होता ते सगळ्यांना दिसत होतं, त्यामुळे भाऊंना बोलायला जागाच उरली नाही.

मग घर गप्प झालं. स्टेटस बंद झालं. दुर्बीण रोज बाहेर निघायची, भाऊ तिच्याशेजारी बसायचे, पण बार्लो मागायला कोणी येईना. मी कपडे काढायला बाहेर आले की भाऊंचा हात खिशावर दिसायचा. कोणी मागतच नसताना ते राखण करत बसायचे. एकदा मला म्हणाले, "मॅडम, ती मागतच नाही आता." त्या माणसाला इतकं हरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्या लोणारच्या बाईचा संताप आला.

ती बाई स्वतःच एका शनिवारी बालाजीच्या दर्शनाला देऊळगावला आली. दिवाळी होऊन गेली होती. वहिनींनी तिला देवळातच गाठलं आणि चहाला म्हणून घरी आणलं. मी मनात तिचं एक उग्र चित्र काढून ठेवलं होतं. आली ती एक काटकुळी, हसऱ्या तोंडाची, उपासानं सुकलेली बाई. चहा पिता पिता तिनंच विचारलं की ती मशीन कुठं आहे, पाहू तरी द्या. तिनं लांबूनच पाहायचं ठरवलं होतं.

दिवस नुकताच मावळला होता. गच्चीवर ती दुर्बिणीपासून चार हात दूर उभी राहिली. मुलगी पाण्याच्या टाकीजवळ. बाईनं भाऊंना विचारलं, "भाऊ, ते दुप्पटवालं लावलं की त्याची नजरबी आपल्यावर दुप्पट पडते का?"

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. भाऊंनी प्रश्न मनावर घेतला. म्हणाले की नजर पडत नाही, तिकडून नुसता उजेड येते. बाई म्हणाली, म्हणजे येतेच ना काहीतरी. तिनं आणखी विचार केला आणि म्हणाली, "मंग हे उलटं करा. उलट्या बाजूनं पाह्यलं की वस्तू दूर जाते. आमच्या पोराच्या खेळण्यात पाह्यलं मी. जाऊ द्या त्याले दूर, माहं पोरगं मोकळं होईल."

वहिनींनी डोळे मिटून घेतले. दुर्बिणीच्या मोठ्या भिंगाजवळ कोणी तोंड नेलं तरी भाऊंचा जीव वरखाली व्हायचा, आणि ही बाई त्याच भिंगाला डोळा लावायला मागत होती. आभाळाकडे पाठ फिरवून. माझी खात्री होती की आता चहाचा दुसरा कप येणार आणि हे स्थळ संपणार. मुलगी वडिलांकडे बघतही नव्हती, खाली बघत होती. भाऊंनी मात्र तिच्याकडे पाहिलं.

मग ते उठले आणि नळी धरणाऱ्या कड्यांचे स्क्रू त्यांनी स्वतःच्या हातानं सैल केले. नळी काढली, उलटी करून बसवली. डोळ्याचं भिंग आभाळाकडे, मोठं भिंग खाली. बाईसाठी पाट मांडला. ती वाकणार इतक्यात म्हणाले, "थांबा. बार्लो लावला तर दुप्पट दूर जाते. हे खरं आहे." शेवटचे तीन शब्द ते बहुतेक स्वतःलाच सांगत होते. बंडीतून फडकं निघालं, बार्लो लागला.

बाईनं हात जोडून डोळा लावला. बराच वेळ गेला. मग वर न बघताच म्हणाली की काहीच दिसून नाही राह्यलं. उलट्या दुर्बिणीतून शनी कशाचा दिसतो? ती पाटावरून उठली आणि तिनं थेट भाऊंना विचारलं, "गेला ना?"

आम्ही सगळे भाऊंकडे बघत राहिलो. हो म्हणाले तर लग्न, नाही म्हणाले तर तिथंच संपलं, आणि या माणसाच्या तोंडून न पाहिलेली गोष्ट कधी निघालेली नव्हती. भाऊ पाटावर बसले. वाकून त्यांनी त्या मोठ्या भिंगाला डोळा लावला, दुसऱ्या कोणत्याही दिवशी लावत तितक्याच काळजीनं. चांगला वेळ घेतला.

"मलेबी दिसून नाही राह्यला," ते म्हणाले.

बाईचा चेहरा असा मोकळा झाला की मलाच भरून आलं. तिनं वहिनींचा हात धरला. आणि मग, आता तो दूर गेलाच आहे तर सरळ बाजूनं पाहायला काय हरकत, असं तीच म्हणाली. भाऊंनी नळी फिरवली आणि बार्लो काढून खिशात टाकला. बाईनं पाहिलं, आणि भाऊंच्या तोंडून सवयीनं निघून गेलंच, "काय दिसलं?" मी आणि मुलगी दोघी दचकलो. विहीणबाईची परीक्षा घ्यायची ही वेळ नव्हती.

"मणी," ती म्हणाली. "सुईत ओवलेला."

त्या वर्षी शनीच्या कड्याची नुसती कड आपल्याकडे आली होती, त्यामुळे कान नव्हतेच, नुसती मण्याच्या आरपार गेलेली बारीक रेघ. तिनं दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं होतं. भाऊंनी खिशातून बार्लो काढून मुलीच्या हातात दिला, आणि मुलीनं तो आपल्या होणाऱ्या सासूसाठी बसवला. बाई खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली की एवढ्याशा जिवाच्या धाकानं मी शनिवारी जेवत नव्हती काय. आणि वहिनींकडे वळून, "ताई, भूक लागली मले," असं म्हणाली. वहिनी पिठलं टाकायला खाली धावल्या.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी मुलीच्या हातात फडक्याची एक छोटी गुंडाळी दिसली तेव्हाच मी ओळखलं. भाऊंची बंडी त्या दिवशी धुतलेली होती आणि खिसा सपाट.

त्यानंतरच्या हिवाळ्यात ऑफिसच्या कामानं मी लोणारला गेले होते. मुलीनं हट्टानं घरी नेलं. तिनं स्वतःची दुर्बीण घेतली आहे, आणि सासूबाईंनी त्या दुर्बिणीवर ताबा मिळवला आहे. दर शनिवारी संध्याकाळी गल्लीतल्या साडेसातीवाल्या बाया गच्चीवर जमतात. सासूबाई आधी दुर्बीण उलटी करून, बार्लो लावून, शनीला दूर पाठवतात, आणि बाया हलक्या झाल्या की सरळ करून दाखवतात. काय दिसलं ते विचारतात, आणि नुसतं "छान" म्हणणारीला परत रांगेत उभी करतात. नवऱ्याला आणि तिला फोटो काढायला दुर्बीण मिळेपर्यंत शनी मावळतीकडे झुकलेला असतो. हे सगळं ती मला सांगत होती आणि आतून सासूबाईंचा दरडावणीचा आवाज येत होता.

परत येताना मी देऊळगावला उतरले. माझी बदली झाल्यानं आता खोली तिथे नव्हती, पण जाणं आलंच. भाऊ घाण्यावर होते. बंडी तीच. मला जरा भीती होती की हे ऐकून त्यांना धक्का बसेल, दुर्बीण दर शनिवारी उलटी होते म्हणजे काय. तरी मी सगळं सांगितलं, एकही गोष्ट वाढवली नाही आणि लपवलीही नाही. त्यांनी मोटर बंद केली आणि शेवटपर्यंत ऐकलं. दुर्बिणीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत.

"मॅडम," त्यांनी विचारलं, "हे सांगतानी ती हसत होती का?"

हसत होती, मी म्हटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

भाऊंनी मान हलवली, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि घाण्याची मोटर पुन्हा चालू केली.